शेतावरील वेल्डिंग मशीन : जोडणी, अर्थिंग आणि सुरक्षित वापर

पेरणीच्या ऐन घाईत नांगराचा फाळ निखळला किंवा ट्रॉलीच्या पट्टीला तडा गेला, तर तालुक्याच्या गावी जाऊन दुरुस्ती करून आणण्यात अख्खा दिवस मोडतो. त्यामुळे अनेक बागायतदारांनी आणि गावोगावच्या अवजार बँकांनी स्वतःचे वेल्डिंग मशीन घेतले आहे. मशीन घेताना किती अँपिअरचे, तांब्याच्या तारेचे की अ‍ॅल्युमिनियमच्या, याची चौकशी बारकाईने होते. ते कोठे ठेवावे, कोणत्या तारेने जोडावे आणि त्याची अर्थिंग कशी करावी, हे प्रश्न मात्र दुकानदारावर किंवा मोटर बांधणाऱ्यावर सोपविले जातात. शेतावरील जागा ओली, पाय बरेचदा अनवाणी आणि वीज पंपाच्या पेटीतून घेतलेली, अशा परिस्थितीत हीच हयगय जिवावर बेतते.

मशीनच्या आत काय घडते

शेतकऱ्यांकडे साधारणपणे दोन प्रकारची मशीन आढळतात. एक, तेलात बुडविलेला किंवा हवेने थंड होणारा जड ट्रान्सफॉर्मर. हा दोन फेजवर म्हणजे ४१५ व्होल्टवर चालतो. दुसरे, खांद्याला अडकवून नेता येणारे हलके इन्व्हर्टर मशीन. हे बहुधा सिंगल फेजवर, २३० व्होल्टवर चालते. दोन्हींचे काम एकच : येणारा विद्युत दाब उतरवून प्रवाह वाढविणे. रॉड टेकलेला नसताना होल्डर आणि क्लँप यांच्यामध्ये साधारण ६० ते ८० व्होल्ट दाब असतो. ठिणगी धरली की तो २० ते ३० व्होल्टवर येतो आणि प्रवाह १०० ते २०० अँपिअरपर्यंत जातो.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. मशीनमध्ये लाइनकडील गुंडाळी आणि रॉडकडील गुंडाळी एकमेकींपासून पूर्णपणे अलग असतात. लोखंडाच्या गाभ्यामार्फत शक्ती पलीकडे जाते, तारेने नाही. या अलगपणामुळेच होल्डर हातात धरणे शक्य होते. काही ठिकाणी मिठाच्या पाण्याच्या बादलीतून थेट लाइनवर रॉड चालविण्याचा उद्योग केला जातो. त्यात हा अलगपणा मुळीच नसतो, म्हणजे कारागीर प्रत्यक्ष लाइनच हातात धरून बसलेला असतो. तो प्रकार कोणीही, एका टाक्यासाठीसुद्धा, करू नये.

‘अर्थ’ या शब्दाचा घोटाळा

मशीनमधून दोन जाड केबली निघतात. एक होल्डरकडे जाते, दुसरी क्लँपने कामाच्या लोखंडाला लावतात. या दुसऱ्या केबलीला वर्कशॉपमध्ये सर्रास ‘अर्थ’ म्हणतात. ‘अर्थ लावली का?’ असे एक विचारतो, ‘लावली’ असे दुसरा सांगतो, आणि मशीनला अर्थिंग आहे असा दोघांचाही समज होतो. खरे तर ती केबल प्रवाह परत आणण्याची आहे. तिला परतीची केबल म्हणावे. तिचा जमिनीशी काही संबंध नाही.

खरी अर्थिंग ती, जी मशीनच्या पत्र्याच्या सांगाड्याला जमिनीत पुरलेल्या नळीशी किंवा प्लेटशी जोडते. आत एखादी लाइनची तार खरचटून पत्र्याला टेकली तर सगळा पत्रा जिवंत होतो. अर्थिंग नसेल तर तो प्रवाह, हँडल फिरवायला हात लावणाऱ्या माणसातून जमिनीत जातो. परतीची केबल कितीही चांगली लावलेली असली तरी तिने हा धोका तसूभरही कमी होत नाही.

अर्थिंगसाठी सुमारे ४० मि.मी. व्यासाची गॅल्व्हनाइज्ड नळी २.५ मीटर खोल, शक्य तो नेहमी ओलावा राहणाऱ्या जागी पुरावी. भोवती कोळसा व मीठ यांचे थर द्यावेत आणि वर पाणी ओतण्यासाठी नरसाळे ठेवावे. भारतीय मानक आय.एस. ३०४३ मध्ये याची सविस्तर कृती दिली आहे. २५० व्होल्टच्या वरच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या असाव्यात, असा वीज सुरक्षेचा नियम आहे. तेव्हा ४१५ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरसाठी दोन खड्डे करावेत. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडून नळीभोवतीची माती सुटते आणि मुरमाड जमीन कोरडी ठणठणीत होते. मार्चपासून पावसापर्यंत आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी नरसाळ्यात ओतावे. न्यूट्रलची तार अर्थ म्हणून वापरू नये. खांबावर न्यूट्रल तुटला तर मशीनचा पत्रा फेजवर येतो.

अर्थिंग असूनही फ्यूज का जात नाही

अर्थिंग केली म्हणजे बिघाड होताच फ्यूज उडेल, असे बहुतेकांना वाटते. शेतावर तसे होईलच असे नाही. समजा, आपल्या अर्थ खड्ड्याचा रोध ५ ओहम आहे. फेज पत्र्याला टेकली तर जमिनीत जाणारा प्रवाह २३० भागिले ५, म्हणजे फार तर ४६ अँपिअर. वेल्डिंगसाठी बसविलेला ३२ किंवा ४० अँपिअरचा ब्रेकर एवढ्या प्रवाहाला लगेच पडत नाही. तेवढा वेळ पत्रा जिवंतच राहतो. म्हणून मेन स्विचनंतर गळती ओळखून पुरवठा तोडणारा ब्रेकर, ज्याला वायरमन ई.एल.सी.बी. किंवा आर.सी.सी.बी. म्हणतात, तो बसवावा. ३० मिलिअँपिअरची गळती झाली तरी तो क्षणार्धात पडतो. त्यावरील ‘टेस्ट’चे बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो की नाही हे पाहावे.

मात्र या ब्रेकरच्या भरवशावर कोणी ओल्या हातांनी रॉड बदलू नये. तो फक्त लाइनकडील बाजू सांभाळतो. दोन्ही गुंडाळ्या अलग असल्याने, होल्डरमधून माणसाच्या अंगातून लोखंडात जाणारा प्रवाह त्याला दिसतच नाही. म्हणजे माणूस रॉडला चिकटला तरी हा ब्रेकर पडणार नाही. ७० व्होल्ट हा आकडा लहान वाटतो. परंतु घामाने किंवा पाण्याने भिजलेल्या शरीराचा रोध साधारण १,००० ओहम धरला, तर अंगातून ७० मिलिअँपिअर प्रवाह जातो. ३० मिलिअँपिअरच्या पुढेच श्वासाचे स्नायू आखडण्याचा आणि हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. रॉडकडील बाजूला रक्षण एकच : अंग आणि लोखंड यांच्यामध्ये कोरडेपणा. कोरडे चामडी हातमोजे, रबरी तळव्याचे बूट, पायाखाली कोरडी फळी किंवा रबराची चटई. ट्रॉलीखाली झोपून किंवा टाकीत बसून काम करायचे असेल तर फळी अंगाखालीही घ्यावी. रॉड काखेत धरून ठेवण्याची सवय अनेक कारागिरांना असते, ती सोडावी. तुटक्या कवचाचा होल्डर आणि जागोजाग उघडी पडलेली केबल चिंधी गुंडाळून वापरू नये.

नवीन मशीन घेताना, रॉड टेकलेला नसताना दाब आपोआप उतरविणारे उपकरण, ज्याला व्ही.आर.डी. म्हणतात, त्यात आहे का ते विचारावे. वाफ्यात, विहिरीच्या काठावर किंवा पावसाळ्यात ज्यांना काम करावे लागते त्यांनी त्यासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी मागेपुढे पाहू नये.

जागा आणि जोडणी

मशीन छपराखाली, जमिनीपासून वीतभर उंच अशा कोरड्या ओट्यावर ठेवावे. भोवती हवा खेळती राहण्यास हातभर जागा सोडावी. गोठ्याला लागून ठेवू नये. जनावरांच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर जास्त असल्याने आणि ती ओल्या जमिनीवर उभी राहात असल्याने, माणसाला न जाणवणारी गळतीही त्यांना बाधते.

कामाची जागा लांब असेल तर बहुतेक जण लाइनची तार वाढवितात. हे उलट आहे. ४१५ व्होल्टची तार मातीत, चिखलात, ट्रॅक्टरच्या चाकाखाली लोळत ठेवण्यापेक्षा ती दोन-तीन मीटरच ठेवावी आणि होल्डरकडील व परतीच्या केबली वाढवाव्यात. त्या अर्थात जाड लागतील. २०० अँपिअरपर्यंत ३५ चौरस मि.मी. आणि ३०० अँपिअरपर्यंत ५० चौरस मि.मी.ची तांब्याची केबल योग्य. अंतर फार असेल तर याहून जाड घ्यावी. दोन्ही केबली सारख्याच जाडीच्या असाव्यात. परतीसाठी जुनी सळई, काटेरी तार किंवा पाण्याची नळी जोडून काम भागवू नये.

लाइनकडील तार किती जाड असावी, याचा हिशेब मशीनवरील पाटीवरून करता येतो. ७० व्होल्ट व २०० अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर पूर्ण भारावर १४ के.व्ही.ए. घेतो. ४१५ व्होल्टवर हा प्रवाह सुमारे ३४ अँपिअर होतो. यासाठी ६ चौरस मि.मी.पेक्षा बारीक तांब्याची तार वापरू नये. इन्व्हर्टर मशीनच्या वायरला घरगुती प्लग लावलेला दिसला म्हणून ते पूर्ण प्रवाहावर चालेल असे समजू नये. १०० अँपिअरवर काम करताना ते सिंगल फेजमधून १५ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. १५० अँपिअरच्या पुढे गेल्यास घरातील सॉकेट आणि वायरिंग तापून जळू लागते.

मशीनला स्वतःचा मेन स्विच असावा आणि तो कारागिराच्या हाताशी असावा. पंपाच्या स्टार्टरमधून उघड्या तारा अडकवून वीज घेऊ नये. काही ट्रान्सफॉर्मरना २३० आणि ४१५ व्होल्टसाठी वेगवेगळ्या पट्ट्या असतात. पट्टी पाहिल्याशिवाय जोडणी केली तर गुंडाळी पहिल्याच दिवशी जळते. फ्यूजला तांब्याच्या तारेचे चार पदर घालणे म्हणजे फ्यूज नसणेच होय. आणखी एक गोष्ट कायद्याची आहे. शेतीपंपाच्या जोडणीवर गावाची कामे घेऊन वेल्डिंगचा धंदा करणे हा विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो. महावितरणकडून त्या कामासाठी वेगळी जोडणी मागून घ्यावी.

जुने मशीन विकत घेणाऱ्यांनी ते चालते की नाही एवढेच पाहू नये. परवानाधारक वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने तपासणी करून घ्यावी. लाइनकडील व रॉडकडील गुंडाळ्यांमध्ये निदान ५ मेगओहम रोध असावा. त्यापेक्षा कमी भरल्यास ते मशीन स्वस्तात मिळाले तरी महागच आहे.

परतीचा क्लँप कोठे लावावा

क्लँप कामाच्या जागेपासून हातभर अंतरावर, रंग व गंज घासून काढलेल्या लोखंडावर लावावा. शेडच्या खांबाला कायमचा क्लँप लावून ठेवण्याची पद्धत दिसते, ती घातक आहे. शेडचे खांब बहुधा अर्थिंगशी जोडलेले असतात. समजा, क्लँप खांबाला आहे आणि वेल्डिंगचे काम ड्रिल मशीनच्या लोखंडी टेबलावर चालले आहे. प्रवाहाला क्लँपकडे परत जायचे आहे. तो ड्रिलच्या बारीक अर्थ वायरमधून, अर्थिंगच्या पट्टीवरून, खांबामार्गे जातो. दीडशे अँपिअर प्रवाह त्या बारीक वायरला कसा सोसावा? ती आतल्या आत जळते. वेल्डिंग व्यवस्थित होते, कोणाला काही कळत नाही. पुढे चार महिन्यांनी ड्रिलमध्ये बिघाड होतो, त्या दिवशी त्याला अर्थिंग नसते.

ट्रॅक्टरवरही हेच घडते. मागच्या अवजाराला वेल्डिंग करताना क्लँप पुढे बोनेटजवळ लावला तर प्रवाह बेअरिंग, गिअर आणि हायड्रोलिकच्या भागांतून जातो व बेअरिंगच्या गोळ्यांवर खड्डे पाडतो. अवजार ट्रॅक्टरपासून सोडवूनच वेल्डिंग करावे. ट्रॅक्टरलाच करणे भाग असेल तर प्रथम बॅटरीची ऋण व नंतर धन तार काढावी आणि अल्टरनेटरची जोडणीही सोडवावी. नव्या ट्रॅक्टरमधील इलेक्ट्रॉनिक पेट्यांसाठी कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले पाहावे.

टायर, ड्रम आणि गोबर गॅसची टाकी

ट्रॉलीच्या चाकाची डिस्क तडकली की टायर न काढता वेल्डिंग मारून घेण्याकडे कल असतो. हवा सोडली म्हणजे झाले, असे समजले जाते. परंतु डिस्क तापली की आतील रबर भाजून त्यातून पेट घेणारा वायू निघतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. हवा सोडलेली असली, व्हॉल्व्ह काढलेला असला तरीही हे होऊ शकते. टायर रिंगवरून पूर्णपणे उतरवूनच काम करावे.

रिकामा डिझेलचा ड्रम भरलेल्या ड्रमपेक्षा धोक्याचा, कारण त्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. डिझेलची टाकी सोडा घातलेल्या गरम पाण्याने दोन-तीन वेळा धुवावी. नंतर सांध्याच्या किंचित खालपर्यंत पाणी भरून, झाकण उघडे ठेवून मगच रॉड लावावा. कीटकनाशकाच्या डब्यांना वेल्डिंग करूच नये.

तरंगत्या टोपीच्या गोबर गॅस संयंत्राची लोखंडी टोपी पाच-सात वर्षांनी गंजून गळू लागते. ती जागेवरच डागून घेण्याचा मोह होतो. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन मिसळले की ते मिश्रण ठिणगीने स्फोट पावते, आणि गळक्या टोपीच्या आत व भोवती नेमके असेच मिश्रण असते. सर्व गॅस मोकळ्या हवेत सोडावा. टोपी उचलून विहिरीपासून, म्हणजे संयंत्राच्या खड्ड्यापासून, चांगली दूर न्यावी. तोंड वर करून आतील शेणाचे थर खरवडून धुवावेत आणि दोन-तीन दिवस उघड्यावर वाळू द्यावी. तोवर जवळ विडीसुद्धा ओढू नये.

डोळे, धूर व ठिणग्या

ठिणगीकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर त्या वेळी काही वाटत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग सुरू होते. साध्या गॉगलने हे टळत नाही. सुमारे १७५ अँपिअरपर्यंत १० नंबरची व पुढे ११ नंबरची काच वापरावी. काच धरणाऱ्यापेक्षा शेजारी लोखंड धरून बसलेल्या गड्याचे आणि पाहायला जमलेल्या मुलांचे डोळे जास्त जातात. त्यांनाही काच द्यावी, मुलांना दूर पाठवावे. डोळे आल्यावर बटाट्याचे काप, दूध, मध असे घालू नये. डोळे न चोळता स्वच्छ थंड पाण्याची पट्टी ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

गॅल्व्हनाइज्ड नळीला वेल्डिंग करताना पांढरा धूर येतो, तो जस्ताचा. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, तर लोखंड वितळायला सुमारे १,५०० अंश लागतात. त्यामुळे लोखंड जुळण्याआधीच जस्ताची वाफ होते. असा धूर श्वासातून गेला की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते. एक-दोन दिवसांत बरे वाटते, म्हणून कारागीर आधी दूध-गूळ घेऊन कामाला बसतात. दूध-गुळाने धूर छातीत जायचा थांबत नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंचे ५ सेंमी जस्त घासून काढावे, उघड्यावर आणि वाऱ्याकडे पाठ न करता, वारा आडवा येईल असे बसावे.

ठिणग्या दहा मीटरपर्यंत उडतात. कडब्याची गंजी, ठिबकच्या नळ्या, बारदाना तेवढ्या अंतरात नसावा. काम संपल्यावर तासभर जागा सोडू नये, कारण भुशात पडलेली ठिणगी बराच वेळ धुमसत राहते. अंगात सुती पूर्ण बाह्यांचा सदरा असावा. टेरिलीन वितळून कातडीला चिकटते.

रॉड व प्रवाह

साध्या लोखंडाला ई ६०१३ वर्गाचा रॉड पुरतो. २.५ मि.मी. रॉडला ६० ते ९०, ३.१५ मि.मी.ला ९० ते १३० आणि ४ मि.मी.ला १४० ते १८० अँपिअर प्रवाह ठेवावा. नेमका आकडा रॉडच्या पुड्यावर असतो. पावसाळ्यात रॉड ओलसर होतात, ते सुमारे १०० अंशावर तासभर तापवून घ्यावेत. पाटीवर ६० टक्के असे लिहिलेले असेल तर दहा मिनिटांत सहा मिनिटेच त्या प्रवाहावर काम करून मशीनला विसावा द्यावा. प्रवाह बदलताना ठिणगी चालू नसावी.

झटका बसल्यास

चिकटलेल्या माणसाला हात लावण्याआधी मेन स्विच पाडावा. स्विच दूर असेल तर कोरड्या बांबूने होल्डर अंगापासून लोटावा. अनेक ठिकाणी थ्री फेज वीज पाळीने रात्री येते आणि दुरुस्तीही रात्री एकट्याने उरकली जाते. स्विच पाडायला दुसरा माणूस नसेल तर काम सकाळवर टाकावे. माणूस श्वास घेत नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून ताबडतोब छातीच्या मध्यभागी, दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंमी खोल दाब द्यावा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये, दमल्यास दुसऱ्याने हात द्यावा. झटका बसून बेशुद्ध झालेला किंवा छातीत धडधड होणारा माणूस नंतर उठून चालू लागला, चहा प्यायला, तरी त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन हृदयाचा आलेख काढून घ्यावा.